तांग गप, बेट चाललंय

शेंगा फोडायला बसल्याशिवाय आजा बेटाची गोष्ट सांगत नसे. जेवताना विचारलं, देवळातून परतताना विचारलं, तरी त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "हात रिकामे असले की बेट बुडतं."

आजा म्हणजे माझ्या बाबांचे वडील. त्याने जन्मभर साखर कारखान्याच्या शेतांवर ऊस तोडला. मी लहान होते तेव्हा ते काम सुटलं होतं आणि बों अक्योय गावाच्या टोकाला असलेल्या आमच्या तुकड्यात तो स्वतःचा ऊस लावत होता. ऊस गुडघ्याएवढा असताना दोन ओळींच्या मधल्या जागेत भुईमूग यायचा. डिसेंबर सरता सरता ऊसतोडणी आटोपायची, लॉऱ्या थांबायच्या आणि आमच्या अंगणात लिचीच्या झाडाखाली गोणपाटावर शेंगांचा ढीग पडायचा. भोवती आम्ही पाचजण बसायचो. आजा आणि मी. माझी आत्या, जी बरीच वर्षं क्युरपीप शहरातल्या एका गोऱ्या कुटुंबात स्वयंपाकाला होती आणि तिथून फ्रेंच शिकून आली होती. कुंपणापलीकडची क्रेओल, म्हणजे आफ्रिकी वंशाची बाई, तिला आम्ही सगळेच तांतीन म्हणायचो, म्हणजे मावशीसारखं. आणि मागच्या घरातले भोजपुरी बोलणारे चाचा. ते शेंगा फोडायचे कमी आणि खायचे जास्त.

गोष्ट अशी होती की समुद्रात एक बेट आहे, त्याला बूड नाही. ते पाण्यावर तरंगत जातं. त्यावर प्राण्यांच्या चार जमाती राहतात आणि सगळे प्राणी बोलतात. माकडं, मुंगसं, साळुंक्या आणि तांग. तांग तुम्हाला ठाऊक नसेल. लांब नाकाचा, काटेरी केसांचा, मांजराच्या पिल्लाएवढा प्राणी. आमच्याकडे उसाच्या पाचटात राहतो. मादीमागून पिल्लं एका रांगेत चालतात, वीस-वीससुद्धा.

बेट कुठल्या दिशेला न्यायचं यावरून पहिल्या तीन जमातींचं रोज भांडण. आणि त्या भांडणात एकाचं दुसऱ्याला कळत नसे, कारण प्रत्येक जमातीची भाषा वेगळी. आजा तेवढ्यापुरता थांबायचा आणि हनुवटीनेच खूण करायचा. मग ज्याची जी जमात त्याने बोलायचं. बोलल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नसे.

तांतीन माकड होती. ती हात उंचावून क्रेओलमध्ये ओरडायची, "ला-बा, ला-बा! मांग इन मीर!" म्हणजे तिकडे चला, तिकडे आंबे पिकलेत.

चाचा मुंगूस. "ना हो, ओने ना! एने चल, एने!" म्हणजे तिकडे नको, इकडे चल.

आत्या साळुंकी. ती मान वाकडी करून, क्युरपीपच्या मालकिणीच्या आवाजात म्हणायची, "मे नों, मे नों! आ गोश!" म्हणजे छे छे, डावीकडे. त्यावर तांतीन म्हणायची की मादाम आली, आता चहा द्या.

मी तांग होते. मला हे कुणी विचारलं नव्हतं. आजाने एके वर्षी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ह्यो तांग." तांगाला सगळ्यांच्या भाषा समजतात, पण तो बोलत नाही. भांडून दमले की सगळे त्याच्याकडे वळतात आणि विचारतात, "तांगा, बेट कुठं न्यायचं?" तांग ज्या दिवशी बोलेल त्या दिवशी बेट तो सांगेल त्या किनाऱ्याला लागेल आणि तिथेच कायमचं थांबेल. गोष्ट संपेल.

आजा विचारायचा. चौघेही माझ्याकडे बघायचे. मी हातातली शेंग फोडायचे, दाणे टोपलीत टाकायचे, दुसरी शेंग घ्यायचे. मग आजा मांडीवरची टरफलं झटकून म्हणायचा, "तांग गप. बेट आपलं चाललंय." त्या दिवसापुरतं ते तिथे संपायचं.

"बा, ह्या पोरीला देवाने जीभ दिली की विसरला?" आत्या एकदा म्हणाली.

"तांगाला जीभ असते. तो ती जपून ठेवतो."

"जपून ठेवल्यावर सडेल."

"तुझी न्हाय ना सडणार," आजा म्हणाला आणि चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मी खरोखर कमी बोलायचे. शाळेत पुस्तकं इंग्रजी, बाई समजावून सांगायच्या फ्रेंचमध्ये, मधल्या सुट्टीत सगळी मुलं क्रेओल, घरी आजाशी मराठी. प्रत्येक ठिकाणी तोंड उघडायच्या आधी मला आत काहीतरी शोधावं लागे, आणि सापडेपर्यंत बोलायची वेळ निघून जाई. बेटावरची जनावरं मला म्हणून फार सोपी वाटायची. ज्याची त्याची एक भाषा होती. तांगाचं मात्र कळत नसे. त्याला सगळ्या समजतात, हे आजा सांगायचा. त्याची स्वतःची कुठली, हे कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

ते बेट खरं आहे असं मी पुष्कळ वर्षं धरून चालले होते. आजा म्हणायचा, "माझ्या बापाने बघितलं. हिंदुस्थानातून येताना, बोटीतून. बोट हुभी होती आणि बेट चालत आलं." मी शाळेच्या नकाशात हिंदी महासागरावर बोट फिरवून बघितलं. आमचं बेट होतं, शेजारचं रॉड्रिग्ज होतं, आगालेगा होतं, नावं नसलेले ठिपके होते. मला वाटलं, चालतं बेट नकाशात कसं दाखवणार? भूगोलाच्या बाईंना मी मोठ्या धीराने विचारलं की एखादं बेट जागा बदलतं का. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, त्यांनी भूखंडांबद्दल काहीतरी सांगितलं आणि त्यांचं उत्तर हो होतं की नाही, हे मला घरी येईपर्यंत ठरवता आलं नाही.

त्याच वर्षी शाळेची सहल पांपलमूसच्या बागेत गेली. तिथल्या तळ्यात कमळांची मोठी हिरवी पानं तरंगत होती, परातीसारखी, कडा वर वळलेल्या. मी बाकीच्यांच्या मागे राहून बराच वेळ बघत उभी होते. घरी येऊन आजाला विचारलं, "बेट असं असतं का?"

"काठ हाय म्हणतेस?"

"हो. वर वळलेला."

त्याने विचार केला. "न्हायतर पिल्लं पडली असती," तो म्हणाला. तेव्हापासून गोष्टीत बेटाला काठ आला.

मी नऊ-दहा वर्षांची असताना देवळात दर शनिवारी मराठीचा वर्ग सुरू झाला. शिकवणारे गुरुजी आमच्यातलेच होते, पण दोन वर्षं हिंदुस्थानात राहून शिकून आले होते. कपडे पांढरे, हातात खडूचा डबा, आणि कधी आवाज चढवायचे नाहीत. मी "हाय" म्हटलं की ते हळूच म्हणायचे, "आहे." मी "आहे" म्हणायचे. मला ते आवडत होते. आम्ही घरी बोलतो ते अर्धवट आहे आणि कुठेतरी ते पुरं मिळतं, हे त्यांच्याकडे बघून मला पहिल्यांदा वाटलं. नंतर घरी आजा बोलायला लागला की मी मनात त्याचे शब्द दुरुस्त करायचे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

गणपतीत दुपारी मुलांचा कार्यक्रम ठरला. हिंदुस्थानातून कुणी पाहुणे येणार होते. प्रत्येक मुलाने काहीतरी म्हणायचं होतं. आत्याने देवळाच्या पायरीवर गुरुजींना गाठलं आणि सांगून टाकलं, "हिच्या आजाकडे जनावरांची गोष्ट आहे, तसली कुणाकडे नाही."

गुरुजींनी मला बाकावर बसवून गोष्ट ऐकून घेतली. मी तुटक तुटक सांगितली आणि ते लिहीत गेले. माकडाचं क्रेओल आलं तेव्हा त्यांनी पेन थांबवलं.

"पाहुण्यांना हे कसं समजेल?"

मला ते पटलं. मग माकड म्हणालं, "तिकडे चला, तिकडे आंबे पिकले आहेत." मुंगूस म्हणालं, "नाही, इकडे चला." साळुंकी म्हणाली, "छे छे, डावीकडे." तांगासाठी गुरुजींनी शब्दकोश काढला. त्यात काही सापडलं नाही. सगळ्या गोष्टीत तेवढा एकच आमच्या अंगणातला शब्द राहिला.

"शेवटी तांग काय म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"असं कसं? गोष्टीला शेवट हवा."

शेवट त्यांनी दिला. मी तो सुंदर अक्षरात वहीत उतरवला. पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून पाठ केला. आजाला एवढंच माहीत होतं की मी त्याची गोष्ट सांगणार आहे. शेवट मी त्याच्यापासून लपवला होता असं नाही. त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ह्या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते मला आजही नीट ठरवता येत नाही.

त्या दुपारी आम्ही देवळाकडे निघालो तेव्हा तोडणी भर जोरात होती. उसाच्या लॉऱ्यांमागून चालावं लागलं आणि माझ्या नव्या परकरावर धूळ बसली. आजा पहिल्या रांगेत बसला, शेजारी आत्या. मागे चाचा आणि तांतीनही आले होते. तांतीनने चर्चला जायचा झगा घातला होता.

मी माइकसमोर उभी राहिले आणि आश्चर्य म्हणजे बोलू लागले. पाठ केलेलं होतं, म्हणून शोधावं लागलं नाही. माकड बोललं. तांतीन तशीच बसून राहिली, आपलं माकड आलं आणि गेलं हे तिला समजलंच नाही. मुंगूस बोललं, चाचा पंख्याकडे बघत होते. आणि अर्ध्यावर मला एकदम कळेना की हे भांडतायत कशासाठी. सगळे एकाच भाषेत बोलत होते. सगळ्यांना सगळं कळत होतं. मी थांबले. गुरुजी पडद्याआडून पुढची ओळ सांगत होते आणि ती मला ऐकू येत होती.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आजाने हात वर केला आणि ओरडला, "ला-बा, ला-बा!"

लोक हसले. आपला मराठी आजा मंडपात माकडासारखा क्रेओल ओरडतोय आणि पाहुणे वळून बघतायत, एवढंच मला दिसलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. गुरुजींची ओळ घेतली आणि पुढे गेले.

शेवटी सगळ्यांनी तांगाला विचारलं, बेट कुठे न्यायचं. आजा पुढे झुकला होता. त्याने एक हात कानामागे धरला होता. आणि मी म्हणाले, "आपण सारे एक आहोत. एकजुटीने राहू या. जिथे एकी, तिथे आपला किनारा."

टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी मला कंपासपेटी दिली. लोक उठून उभे राहिल्यामुळे आजा मला दिसला नाही.

घरी जाताना तो माझ्या पुढे चालत होता. घराजवळ आल्यावर म्हणाला, "बरं बोललीस." मला ते कौतुक वाटलं. रात्री वाटलं की नसेल. सकाळी पुन्हा कौतुक वाटलं.

डिसेंबर आला, शेंगा आल्या. आम्ही पाचजण गोणपाटावर बसलो. आजा शेंगा फोडू लागला आणि काही बोलेना. चाचांनी दोन-तीनदा घसा साफ केला. शेवटी आत्या म्हणाली, "बा, बेट कुठवर आलं?"

"लागलं किनाऱ्याला."

"कधी?"

"गणपतीत. तांग बोलला न्हाय का?"

सगळे हसले. आजा हसला नाही. रागावलेला म्हणावं तर तसाही दिसत नव्हता. त्याने माझ्या टोपलीतले दाणे हाताने सारखे केले आणि आपल्या कामाला लागला. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी कुणी विचारलंसुद्धा नाही.

त्याला मी दुखावलं होतं की तो फक्त गोष्टीचा नियम पाळत होता, ह्याचा मी किती विचार केला असेल. नियम तर त्यानेच पहिल्यापासून सांगितलेला. तांग बोलला की संपलं. मीच बोलले होते. पण ते माझं नव्हतं. ते आजाला माहीत होतं का? मग मला वाटायचं की तांगाने काय बोलायचं ते त्याच्याजवळ ठरलेलं असणार, त्याच्या बापाने सांगितलेलं, आणि मी ते न ऐकताच घालवलं. विचारायला म्हणून मी कितीदा त्याच्याजवळ जाऊन बसले आणि पाणी देऊन उठले.

वर्षं गेली. चाचा वारले. तांतीन मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेली आणि तिच्या घरात दुसरे लोक आले, ज्यांना आम्ही फक्त बोंजूर म्हणतो. मी कॉलेज संपवून सांत्र द फ्लाक गावातल्या एका कचेरीत टायपिंगच्या कामाला लागले. गेल्या पावसाळ्याआधी गुरुजी बाजारात भेटले. ते आता थकलेत. देवळाच्या संस्थेची एक पुस्तिका काढायची आहे, म्हणाले, तुझी ती बेटाची गोष्ट दे, किती छान सांगितली होतीस. मी हो म्हटलं. मला नाही म्हणता येत नाही.

जुनी वही सापडली. अक्षर सुंदर होतं. वाचताना मला त्यात एकही आवाज ऐकू आला नाही.

वहीखाली माझं कॉलेजचं जीवशास्त्राचं पुस्तक होतं. मी ते उगाच चाळलं. प्राण्यांच्या हिवाळी झोपेवर एक परिच्छेद होता, खाली मीच शिसपेन्सिलीने रेघ मारलेली. परीक्षेसाठी पाठ केला होता. तांग आमच्या थंडीच्या दिवसांत, मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, जमिनीखाली झोपतो. हे इंग्रजीत होतं आणि तिथे त्याचं नाव वेगळं होतं, म्हणूनच बहुतेक मी ते आमच्या तांगाशी कधी जोडलं नव्हतं. मग मला आठवलं की तोडणीही जूनमध्येच सुरू होते, आणि ती चालू असताना आजाने गोष्ट कधीच सांगितली नाही. मी समजत होते की वेळ नसतो म्हणून.

जानेवारीच्या एका रविवारी आजा, आत्या आणि मी, आम्ही तिघंच शेंगा फोडत बसलो होतो. आजाला आता कमी ऐकू येतं, पण बोटं शेंग बरोबर शोधतात. मी त्याच्या उजव्या कानाजवळ सरकले.

"आजा, गणपतीत बोलला तो तांग नव्हता."

त्याने मान वळवली नाही. आत्याने मात्र हात थांबवले.

"गणपतीत तांग झोपलेला असतो," मी म्हणाले. "आपण देवळात गेलो तेव्हा रस्त्यावर लॉऱ्या होत्या. तोडणी चालू होती."

"लॉऱ्या होत्या?"

"होत्या. माझ्या परकरावर धूळ बसली होती."

आजाने एक शेंग फोडली. तिच्यात दाणा नव्हता. त्याने ती टाकून दिली.

"मग बोललं कोण?"

"गुरुजी. माझ्या तोंडून."

"झोपेत बडबडतात काही जण," आत्या म्हणाली. "ही लहानपणी बडबडायची. जागेपणी मात्र बंद."

आजाने आणखी तीन शेंगा फोडल्या. मला वाटलं, त्याला ऐकू आलं नाही आणि पुन्हा सांगायची ताकद माझ्यात नव्हती. मग तो म्हणाला, "झोपेतलं धरत न्हायत."

"म्हणजे?"

"मग बेट कुठवर आलंय?"

तो मला विचारत होता. दहा-बारा वर्षं ते बेट कुणी न सांगता चाललं असेल तर ते कुठे पोचलं असणार, हे मला कसं माहीत असेल? मी आत्याकडे बघितलं. तिने मान वाकडी केली आणि कधी नव्हे ती हळूच म्हणाली, "मे नों, मे नों. आ गोश." तिचा मालकिणीचा आवाज आता खराच म्हातारीचा झाला होता.

आजाने हनुवटीने खूण केली, सवयीने, जिथे तांतीन बसायची तिकडे. तिथे कुणी नव्हतं. त्याची हनुवटी तशीच राहिली.

"ला-बा," मी म्हणाले. मग जरा मोठ्याने, "ला-बा, ला-बा! मांग इन मीर!" कुंपणापलीकडची नवी बाई दारात येऊन बघू लागली. मी मुंगसाचंही बोलले. माझं भोजपुरी वाईट आहे, चाचा असते तर खूप हसले असते. आत्या हसलीच. मग तिघांचं भांडण झालं, आणि दोन जमातींच्या वतीने मलाच भांडावं लागलं.

दमल्यावर सगळ्यांनी तांगाकडे वळायचं असतं. पण मी माकडही होते आणि मुंगूसही. तांगाची जागा रिकामी होती. मी आजाकडे वळले आणि विचारलं, "तांगा, बेट कुठं न्यायचं?"

आजाने हातातली शेंग फोडली. दाणे टोपलीत टाकले. दुसरी शेंग घेतली.

त्याला ऐकू गेलं नाही की तो गप्प राहिला, मला कळलं नाही. त्याच्या तोंडाकडे मी नीट बघितलं आणि तरी कळलं नाही. आत्या माझ्याकडे बघत होती. मी मांडीवरची टरफलं झटकली.

"तांग गप," मी म्हणाले. "बेट आपलं चाललंय."

गुरुजींना अजून काही दिलेलं नाही. काल ते पुन्हा बाजारात भेटले आणि विचारलं, गोष्ट झाली का लिहून? मी सांगितलं की अजून संपली नाही.